बालाघाटावरचा समुद्र

बीड जिल्ह्याच्या नकाशावर समुद्र शोधून सापडणार नाही. पश्चिमेचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर दूर, आणि पूर्वेचा त्याच्या दुपटीहून अधिक. असे असूनही भाद्रपदात अंबाजोगाईच्या मोटारस्टँडसमोर चहा घेत बसले, की समुद्राची चौकशी हटकून कानी पडते. “उपसागरात काही बनतंय का?” असे विचारणारा गृहस्थ बंदरावरचा तांडेल नसतो. डोईला पटका, पायात जाड वहाणा, दोन एकर सोयाबीन, आणि समुद्र जन्मात न पाहिलेला असा तो शेतकरी असतो.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की होड्या वर ओढायच्या, एवढे हवामानशास्त्र तिकडे पोराटोरांनाही येते. अंबाजोगाईची योगेश्वरी ही आम्हां कोकणस्थांची कुलदेवता. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी माझी बालाघाटावर फेरी होते. देवी परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला निघाली, मुहूर्त टळला आणि ती इथेच राहिली, अशी कथा आहे. गावाजवळच्या लेण्यांना ‘जोगाईचा मांडव’ म्हणतात. मला वाटते, देवीच्या वऱ्हाडात कोकणचा पाऊसही असावा. त्याचा मुहूर्त मात्र सह्याद्रीतच टळला.

अरबी समुद्राकडून आलेले ढग घाट चढतानाच आपला भार टाकून मोकळे होतात. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि बीड जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या आसपास! भूगोलवाले या मुलखाला ‘पर्जन्यछाया’ म्हणतात. शब्द मोठा गोड आहे, पण फसवा. छाया म्हटली की मराठी मनाला गारवा आठवतो. ही छाया मात्र निव्वळ उन्हाची.

तूट भरून काढतो तो पूर्वेचा समुद्र. श्रावण-भाद्रपदात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ते किनारा चढून पश्चिमेकडे सरकते, आणि त्याची वाट जरा दक्षिणेकडून गेली तर मराठवाड्याचे भाग्य उघडते. “आमचा पाऊस उगवतीचा, गुरुजी,” असे इथले लोक म्हणतात, ते यामुळेच.

भाग्य कधी कधी जरुरीपेक्षा जास्त उघडते. २०२१ च्या २६ सप्टेंबरला ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या सीमेवर कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. जमिनीवर आल्यावर वादळाला कोमट समुद्राची रसद तुटते आणि त्याचा वारा मंदावतो. पण पोटातले पाणी थोडेच आटते! ते पाणी दोन दिवसांत मराठवाड्यावर ओतले गेले. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. २८ तारखेला त्याचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले. काढणीला आलेले सोयाबीन शिवाराशिवारांत पाण्याखाली गेले. पुढचा भाग तर पुराणात शोभावा असा आहे. त्या वादळाचा उरलेला अंश गुजरातेवरून अरबी समुद्रात उतरला, तिथल्या उबेने त्यात पुन्हा प्राण आला, ‘शाहीन’ असे नवे नाव मिळाले, आणि ३ ऑक्टोबरला तो ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळला. पहिले नाव पाकिस्तानने सुचवलेले, दुसरे कतारने. शाहीन म्हणजे ससाणा. गुलाबाचा ससाणा होण्याच्या वाटेवर मराठवाड्याला काटे तेवढे मिळाले.

याच मांजरा धरणात २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी उरले नव्हते. लातूर शहराला त्या धरणाचा आधार. शेवटी मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्या टंचाईच्या मुळाशीही समुद्रच होता, पण आपला नव्हे. २०१५ साली पेरूच्या बाजूचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा फार तापला होता. तिकडचे कोळी या प्रकाराला ‘एल निनो’ म्हणजे बाळ म्हणतात. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती आपल्या हवामान खात्याचा प्रमुख होऊन आला. त्याने जगभरच्या नोंदी चाळून दाखवले, की प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचा हवेचा दाब झोपाळ्याच्या फळीसारखा खालीवर होतो. एक टोक चढले की दुसरे उतरते. त्याची कचेरी तेव्हा सिमल्यास होती. १९२८ मध्ये ती पुण्यास आली, आणि शिवाजीनगरचा तो चौक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखला जातो. पण हे बाळ भरवशाचे नव्हे. १९९७ साली ते चांगलेच बाळसे धरून होते, तरी देशात पाऊस व्यवस्थित झाला.

समुद्रावरचे वादळ आज उपग्रहातून दिसते, त्याची वाट तीन-चार दिवस आधी सांगता येते. अडते ते पुढे. उष्ण कटिबंधातला एकेक गडगडाटी ढग चार-सहा कोसांचा आणि तासाभराच्या आयुष्याचा; तो कोणत्या शिवारावर फुटेल, हे आदल्या दिवशी कोण सांगणार? म्हणून अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द येतो. मराठीचा मास्तर म्हणून मी त्याची चौकशी केली. विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडला, तर तो तुरळक. शब्द नेमका आहे, पण तो ज्याच्यासाठी, त्याला याचा अर्थ कोणी सांगितलेला नाही. २०१७ च्या जुलैत माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी चक्क पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरले आणि पाऊस आलाच नाही, हे त्यांचे म्हणणे. शहरात या बातमीला लोक हसले. मला हसू आले नाही. बियाणे उधारीचे असते, आणि दुबार पेरणीचे बियाणेही उधारीचेच.

मागच्या खेपेला अंबाजोगाईपासून जवळच एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे उतरलो होतो. हस्त नक्षत्र लागायला दोन दिवस होते. सोयाबीन कापून बनीम रचलेली, वर ताडपत्री. पंचांगातले नक्षत्राचे वाहन त्यांनी आधीच पाहून ठेवले होते; मोबाईलवर पिवळा इशारा आला होता.

“गुरुजी, तुम्ही शिकलेले. तुरळक म्हंजी आमच्यावर का शेजारच्यावर?”

“काका, चारांतल्या एका गावाला, असं समजा.”

ते थोडा वेळ उगवतीकडे बघत राहिले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, “मळणीयंत्रवाल्याला फोन लाव. म्हणावं, उद्या नको, आज रातच्यालाच ये. दोन पैसं जास्त घे.”

रात्री साडेअकरापर्यंत यंत्र चालू होते. आम्ही सगळे पोती धरायला उभे होतो.