मालकीचा चौक

पडका वाडा आपल्या साहित्याला परका नाही. 'वाडा चिरेबंदी' वर्गात शिकवताना पडझडीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. भिंतीला पिढ्यांचा वारसा आहे, म्हणून तिची भेग माणसांपर्यंत पोचते, हे विद्यार्थ्यांना आपसूक उमगते. पण जिला वारसच नाहीत आणि जिचे आयुष्य जेमतेम तेहेतीस वर्षांचे, अशा वास्तूच्या अवशेषांकडे कसे पाहायचे? अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरातील 'रोलिंग एकर्स' हा मॉल १९७५ मध्ये उघडला आणि २००८ मध्ये बंद झाला. पुढे त्याची छायाचित्रे जगभर फिरली: छताच्या काचा फुटलेल्या, आणि थांबलेल्या सरकत्या जिन्यावर बर्फ साचलेला. ती पाहताना जे वाटले त्याला हळहळ म्हणावे की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता आले नाही.

बंदिस्त मॉलचे जनकत्व ज्याच्याकडे जाते तो व्हिक्टर ग्रुएन १९०३ साली व्हिएन्नात जन्मला. ज्यू, समाजवादी विचारांचा, पेशाने वास्तुरचनाकार आणि हौसेने राजकीय प्रहसने करणारा हा माणूस हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ मध्ये अमेरिकेत आला. तिथली उपनगरे पाहून तो अस्वस्थ झाला. घरे होती, मोटारी होत्या, पण पायी चालणाऱ्या माणसाला दुसरा माणूस भेटेल अशी जागा नव्हती. व्हिएन्नातला चौक इथे आणावा, ही त्याची आस. मिनेसोटा राज्यात इडायना येथे १९५६ मध्ये उघडलेले 'साउथडेल' हे तिचे मूर्त रूप. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, आत बारमाही वसंत; मधोमध झाडे, पक्षी, बसायला बाके, आणि भोवती दुकाने. मूळ आराखड्यात घरे, शाळा, दवाखाना, उद्यान आणि तळेही होते. प्रत्यक्षात उभी राहिली ती प्रामुख्याने दुकाने आणि त्यांच्याभोवतीचा मोटारतळांचा समुद्र.

असे का झाले, याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. १९५४ च्या करकायद्याने नव्या व्यापारी इमारतीचा घसारा पहिल्या काही वर्षांतच मोठ्या प्रमाणावर वजा करण्याची मुभा दिली. त्यामुळे उपनगरात नवा मॉल बांधणे ही कर वाचवण्याचीही युक्ती ठरली. १९५६ च्या कायद्याने महामार्गांचे जाळे विणायला घेतले. उपनगरातल्या घरांसाठी गोऱ्या कुटुंबांना सरकारी हमीची कर्जे मिळत होती, कृष्णवर्णीयांना ती नाकारली जात होती. म्हणजे या चौकात कोण पोचणार, हे चौक बांधण्यापूर्वीच बरेचसे ठरले होते.

शिवाय हा चौक खाजगी होता. ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या एका मॉलमध्ये काही तरुण व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रके वाटत होते. त्यांना रोखण्यात आले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, मालकाच्या बाजूने कौल दिला. गर्दी कितीही असो, जागा मालकाचीच. चौकाचे रूप होते, चौकाचा हक्क नव्हता. मला हे वाक्य मॉलच्या सबंध इतिहासाची गुरुकिल्ली वाटते.

इथे ग्रुएनच्या एका समकालीनाची आठवण अपरिहार्य आहे. वाल्टर बेन्यामिन हाही जर्मनभाषक ज्यू निर्वासित. पॅरिसमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या काचछताच्या बाजारगल्ल्यांवर तो १९२७ पासून टिपणे जमवत होता. त्या गल्ल्यांची तेव्हा रया गेली होती, आणि नेमकी म्हणूनच त्यांच्यात त्याला भांडवलशाहीचे विरून गेलेले स्वप्न वाचता येत होते. १९४० मध्ये स्पेनच्या सीमेवर त्याने मृत्यूला कवटाळले. ते अपूर्ण काम १९८२ मध्ये ग्रंथरूपाने आले. एक निर्वासित काचछताखालची गल्ली मोडताना वाचत होता. दुसरा महासागर ओलांडून तीच नव्याने बांधायला निघाला होता. मला वाटते, आज दोघांना एकत्र वाचले पाहिजे.

मॉलच्या ऱ्हासाचे खापर इंटरनेटवर फोडणे सोपे आहे. पण ते अर्धसत्य आहे. अमेरिकेने गरजेपेक्षा कितीतरी अधिक मॉल बांधले. मध्यमवर्गाची मिळकत ताणली गेली तसे त्याच्यावर विसंबलेले मॉल आधी कोसळले. मॉलचा डोलारा टोकांच्या मोठ्या दुकानांवर उभा असतो. त्यांतले एक उठले की भाडे कमी करण्याची किंवा निघून जाण्याची मुभा छोट्या दुकानदारांना अनेकदा करारातच असते. मग एकामागून एक दिवे मालवतात. 'सिअर्स'ने २०१८ मध्ये, 'जे. सी. पेनी'ने २०२० च्या महासाथीत दिवाळखोरीचा अर्ज केला.

हे सारे तर्काला पटते. पण माझ्या आईचे काय करायचे? ताईच्या बाळंतपणासाठी ती सहा महिने ओहायोत राहिली होती, ऐन हिवाळ्यात. जावई कामावर जाताना तिला एका मॉलपाशी सोडत. दुकाने उघडण्यापूर्वी तिथे वयस्कर माणसांना चालू देत. तिला इंग्रजी येत नसे, तिथल्या म्हाताऱ्यांना मराठी. तरी दोन फेऱ्यांनंतर बाकावर जागा धरून ठेवणारी एक मैत्रीण तिला मिळाली होती. त्या परमुलखात ती पायी चालली ती तेवढ्याच जागी. पुढे तो मॉल बंद झाल्याचे ताईने कळवले, तेव्हा आईने एवढेच विचारले, "मग ती आता चालायला कुठे जात असेल गं?" दुकानांविषयी तिने चकार शब्द काढला नाही. कराचा कायदा ठाऊक असलेल्या माझ्याकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

खुद्द ग्रुएन उतारवयात व्हिएन्नाला परतला. त्या शहराच्या दक्षिण वेशीवर १९७६ मध्ये एक भलामोठा मॉल उभा राहिला होता. १९७८ मधल्या एका भाषणात त्याने आपल्या कल्पनेच्या या अनौरस संततीला पोटगी द्यायला साफ नकार दिला. बापाने नाकारले तरी त्या संततीत माणसे वावरत होती, याची दखल मात्र त्या नकारात नाही.

साउथडेल आजही सुरू आहे, आणि त्याच्या आवारात आता निवासी इमारतीही आल्या आहेत. ग्रुएनचा आराखडा साठ वर्षे उशिरा थोडासा खरा होतो आहे. 'रोलिंग एकर्स'च्या जागी मात्र अ‍ॅमेझॉनचे कोठार आहे. म्हणून माझी हळहळ मॉलसाठी नाही, त्याच्या मालकांसाठी तर नाहीच. खरेदी-विक्री थांबलेली नाही, ती फक्त जागा बदलून कोठारात गेली. तिच्या आडोशाने जे अनाहूतपणे घडत होते ते तिथे जाऊ शकले नाही. मालाला कोठार पुरते. बाक लागतो तो माणसांना, आणि तो कुणाच्या नफ्यावर अवलंबून असता कामा नये.