ओझे कोणी वाहायचे?

निवडणुका जवळ आल्या की आमच्या धर्मग्रामात दोन प्रश्न हमखास कानी येतात : ‘फादर, यांत आपला माणूस कोण? आणि मत कोणाला द्यायचे?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. तो मतदाराच्या सदसद्विवेकबुद्धीचा प्रांत आहे. शिवाय ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेने आम्हां धर्मगुरूंना शासनसत्तेची पदे स्वीकारण्यास मनाई केली आहे आणि पक्षकार्यापासूनही दूर राहण्यास सांगितले आहे. पहिला प्रश्न मात्र मला सहजासहजी सोडत नाही. आपला माणूस म्हणजे आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा? की ज्याने आपले ओझे एकदा तरी स्वतःच्या डोक्यावर घेतले आहे तो?

या प्रश्नाचा विचार करू लागलो की सातारा जिल्ह्यातील एका माणसाचे चरित्र मला आठवते. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे या गावी २५ सप्टेंबर १९३३ रोजी जन्मलेले अण्णासाहेब पाटील पोटासाठी मुंबईस गेले आणि तेथे हमालीच्या कामात पडले. त्यांचे जाणे ही त्या मुलखात अपूर्व गोष्ट नव्हती. पाटण, जावळी, माण, खटाव या तालुक्यांतील डोंगराळ वा दुष्काळी शेतीने घरटी एकदोन माणसे मुंबईला दिली. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील शिराळ्याच्या डोंगरी वाड्यांचीही तीच कथा. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तर बालपणी कुटुंबाबरोबर पायी चालत मुंबईस पोहोचले. गावाकडे ‘मुंबईकर’ म्हणून मिरवणारा हा माणूस मुंबईत गावकीच्या खोलीत दहा-पंधरा जणांसोबत पथारी टाकीत असे, खाणावळीत जेवीत असे आणि पहाटे धान्यबाजारात जाऊन पोत्याखाली मान देत असे. राज्य तेच, भाषा तीच. तरीही त्या शहरात तो परकाच होता.

या माथाडीचे दुःख केवळ ओझ्याचे नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. आपल्या बाजारपेठांत शंभर किलोचे पोते ही नित्याची बाब होती. पण त्याहून मोठी अडचण अशी की, या कामगाराला मालकच नव्हता. दिवसभरात तो दहा दुकानांचा माल चढवी-उतरवी. त्यामुळे दहांपैकी एकही दुकानदार त्याचा मालक ठरत नसे. कारखान्यातील कामगाराला मिळणारी रजा, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई, यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला येत नसे. कंबर मोडली की मुकादम दुसरा गडी उभा करी आणि हा आपली वळकटी घेऊन गावाकडची गाडी धरी. अशी कंबर मोडून परतलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत. मुंबईविषयी ती फारसे बोलत नसत.

अण्णासाहेबांनी या विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणले. गावकी, नातेगोते, टोळी हे जे धागे आधीच होते, त्यांतूनच त्यांनी माथाडींची संघटना विणली. तिच्या आणि तिच्यासारख्या इतर संघटनांच्या रेट्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. या कायद्याची युक्ती साधी आहे. शासन, व्यापारी आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेले एक मंडळ स्थापावयाचे. व्यापाऱ्याने तेथे नोंदणी करावयाची, कामगारानेही करावयाची. मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी आकारलेली लेव्ही व्यापारी मंडळात भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा व औषधोपचार यांची तरतूद करते. ज्याला एकही मालक नव्हता त्याला कायद्याने हक्काचा आधार मिळाला.

वाचकहो, असा कायदा केवळ विधिमंडळात जन्म घेत नाही. तो आधी धक्क्यावर, गोदामात, टोळीच्या बैठकीत जन्मतो. विधिमंडळ त्याला नाव देते. तथापि नाव देणाऱ्या त्या सभागृहात आपले कोणीतरी असावे ही कष्टकऱ्यांची इच्छाही रास्तच असते. पुढे अण्णासाहेब काँग्रेसतर्फे विधान परिषदेचे सदस्य झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या मतदारसंघांसाठी आहेत. हमालांसाठी, शेतमजुरांसाठी असा मतदारसंघ नाही. ज्याच्या हाती पदवी नाही, केवळ घट्टे आहेत, त्याला तेथे जावयाचे तर एखाद्या पक्षाचा हात धरूनच जावे लागते. आणि एकदा हात धरला की तो हात आपल्यालाही धरून ठेवतो.

हे बंधन किती जाचक होऊ शकते ते १९८२ साली दिसले. मराठा समाजातील गरिबांना आर्थिक निकषावर आरक्षण मिळावे, या मागणीसाठी अण्णासाहेबांनी २२ मार्च रोजी मुंबईत विधिमंडळावर प्रचंड मोर्चा नेला. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले यांचे सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी, २३ मार्च रोजी, अण्णासाहेबांनी आपले जीवन संपविले. त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते. लोकांना दिलेला शब्द पुरा करता आला नाही, ही वेदना त्यामागे होती असे सर्वत्र सांगितले जाते.

त्यांच्या मागणीच्या युक्तायुक्ततेविषयी मतभेद असू शकतात. त्यांच्या मृत्यूचा गौरव तर मला करावयाचा नाही. जीवन हे देवाचे दान आहे आणि ते संपविणे हा कोणत्याही प्रश्नाचा मार्ग नव्हे. पण ख्रिस्तसभा अशा माणसाच्या तारणाची आशा सोडीत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करते. तीच वृत्ती मी येथे धरतो. मला सलते ते निराळेच. हजारोंचा मोर्चा मागे उभा असताना तो माणूस इतका एकाकी कसा झाला? आपण आपले ओझे एका माणसाच्या डोक्यावर ठेवतो, त्याला ‘आमदार’ म्हणतो, हार घालतो आणि हात झटकून मोकळे होतो. पोते उचलताना निदान दुसरा गडी हात लावतो. सभागृहात पाठविलेल्या माणसाला हात कोण लावतो?

त्या घटनेच्या सहाच महिने आधी, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांचे ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ हे मानवी श्रमावरील परिपत्रक प्रसिद्ध झाले होते. कामगार संघटना ही समाजजीवनाची आवश्यक गोष्ट आहे असे सांगून तिने सत्तेसाठी झगडणारा पक्ष होऊ नये, पक्षांच्या अधीनही जाऊ नये, असा इशारा त्यांनी दिला. त्याच काळात पोलंडमध्ये लेक वाँलेसा हा जहाजबांधणी कारखान्यातील वीजतंत्री कामगारांचा नेता म्हणून उभा होता. १९९० मध्ये तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. म्हणजे इशारा असूनही वाट तिकडे वळतेच. आपल्याकडे पुण्याचे डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीतून सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि ८ डिसेंबर २०२५ रोजी निधन होईपर्यंत तो सोडला नाही. २०२३ मध्ये माथाडी कायद्यात बदल करणारे विधेयक आले तेव्हा माथाडी संघटनांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. रस्ता आणि सभागृह, दोहोंची गरज संपलेली नाही.

माथाडींच्या चळवळीतून पुढे आलेल्यांनी गावाकडे येऊन मतदारांचा कौलही घेतला. जावळीचे शशिकांत शिंदे १९९९ व २००४ मध्ये जावळीतून, २००९ व २०१४ मध्ये कोरेगावातून विधानसभेवर निवडून आले. २०१९ मध्ये त्याच कोरेगावात पराभूत झाले. कोणत्याही पक्षाची भलामण करण्यासाठी मी हे सांगत नाही. मुंबईत घाम गाळणाऱ्याचे मत गावात असते, म्हणून त्याचा नेताही गावात उभा राहतो, एवढेच दाखवावयाचे आहे. कायदाही मौजेचा आहे : राज्यात कोठेही मतदार म्हणून नाव असलेली पात्र व्यक्ती विधानसभेच्या कोणत्याही सर्वसाधारण मतदारसंघातून उभी राहू शकते, मत मात्र जेथे नाव नोंदले तेथेच देता येते. उमेदवाराला सारे राज्य मोकळे आणि मजुराला एकच केंद्र, तेही बहुधा कामापासून शेकडो किलोमीटर दूर.

आता आपल्या दारातच पाहा. ज्या सांगली-साताऱ्याने माणसे मुंबईला दिली, त्याच जिल्ह्यांत आज बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला येतात. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर झाले. कोयता घेऊन आलेल्या त्या माणसाचा येथे आमदार नाही, आणि त्याच्या गावच्या आमदाराला त्याची खोपी दिसत नाही. साठ वर्षांपूर्वी दाणाबाजारातल्या सातारकराची जी स्थिती होती, ती आज आपल्या शिवारात त्याची आहे. फरक इतकाच की, या वेळी शहराच्या जागी आपण आहोत.

म्हणून ‘आपला माणूस कोण?’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे : जो तुमचे ओझे ओळखतो तो, पण त्याला आपला म्हणावयाचे तर त्याच्या ओझ्यालाही हात लावला पाहिजे. मतदानाने आपले कर्तव्य सुरू होते. निवडून दिलेल्याला वर्षातून दोनदा तरी भेटा, प्रश्न विचारा, तो बरोबर असेल तेथे त्याच्या पाठीशी उभे राहा, त्याचे अपयशही ऐकून घ्या. आपल्या पेठेत हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाची मंडळात नोंद झाली आहे का, याची चौकशी करा. आपला माल उतरवून घेणाऱ्यांनी तर ती आधी करावी. आणि फडाजवळच्या खोप्यांतील मुलांची शाळा सुटली आहे का, हे येत्या हंगामात आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी जाऊन पाहावे. नावे लिहून आणावीत. त्या नावांची यादी घेऊन आमदारांकडे जाताना मी त्यांच्यासोबत असेन.