दगडातल्या पानांचं देणं

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत जगाला ठाऊक आहे. माझ्यावर मात्र तिचे उपकार आहेत. त्यात जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या आमच्या एका सरांचा वाटा आहे, आणि मी कधीही न पाहिलेल्या काही विद्यार्थ्यांचाही.

मी डोंबिवलीहून फास्ट लोकलने व्हीटीला यायचे. आमच्या घरी सगळे या टर्मिनसला व्हीटीच म्हणत, आजी तर बोरीबंदरच म्हणायची. गर्दीच्या रेट्याबरोबर बाहेर पडून जे.जे. गाठायचं, एवढाच त्या जागेशी संबंध. पहिल्याच वर्षी सरांनी आमच्या वर्गाला महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर उभं केलं आणि म्हणाले, "तासभर कुणी पेन्सिल उचलायची नाही. नुसतं बघा."

बघता बघता ते सांगत गेले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेसाठी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केला, १८७८ साली काम सुरू झालं आणि १८८८ साली पुरं झालं. मधल्या घुमटाकडे बोट करून सरांनी त्याच्या आठ बाजू आणि दगडी फासळ्या दाखवल्या. माथ्यावरची प्रगतीची मूर्ती, तिच्या हातातली मशाल आणि चाक दाखवलं. टोकदार कमानी युरोपातल्या गॉथिक वळणाच्या. पण मनोरे आणि घुमट बघताना आपल्याकडचे राजवाडे आठवतात, हे त्यांनी आमच्याकडूनच वदवून घेतलं. स्टीव्हन्सचं नाव सगळे घेतात, तेव्हा साहाय्यक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य यांचंही घ्या, असं ते आवर्जून म्हणाले.

मग त्यांनी आम्हाला भिंतीजवळ नेलं. खांबांच्या माथ्यांवर पानंफुलं, त्यांत दडलेले पक्षी आणि प्राणी, खिडकीवरच्या कमानीत पिसारा फुलवलेला मोर, वर पावसाचं पाणी बाहेर टाकणारी दगडी जनावरं. "हे कुणी केलं माहीत आहे?" सरांनी विचारलं. "यातल्या पुष्कळशा कोरीवकामाचे नमुने आपल्याच शाळेतल्या मुलांनी घडवलेत. तुमच्याच वयाची असतील." इमारत उभी राहत होती तेव्हा जॉन ग्रिफिथ्स जे.जे.त शिकवत होते. शिक्षकांची नावं इतिहासात राहिली, त्या मुलांची बहुतेक गेली.

ते ऐकलं आणि जे.जे.त वाटणारा परकेपणा गळून पडला. घरात चित्रकलेचा गंध नाही, भोवती सफाईनं इंग्रजी बोलणारी मुलं. आपण इथं कशाला आलो, असं मला वाटायचं. पण त्या नमुन्यांवर राबलेल्या मुलांची नातलग म्हणून माझी तिथं जागा आहे, हे मनानं घेतलं.

नंतर कितीतरी दुपारी मी तिथं चित्रं काढत बसले. एकदा सर मागे येऊन उभे राहिले. "अगं, हे पान झाडावरचं काढलंस. दगडातलं काढ. छिन्नी कुठे खोल गेली ते सावली सांगते." त्या दिवसापासून मी रेषेआधी सावली शोधते. नाजूक कोरीवकामाला पोरबंदरचा दगड का घेतला, तेही तेव्हा कळलं. तो मऊ, छिन्नीला वश होणारा. म्हणूनच ऊन-पावसानं आणि धुरानं लवकर झिजणाराही. तिकीटघराच्या छताखाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघायची सवयही सरांचीच देणगी.

पुढे मी शाळेत चित्रकला शिकवू लागले. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना मी दरवर्षी या इमारतीपाशी नेते. २००४ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, हे त्यांना पुस्तकातून कळतंच. मी त्यांना प्रत्येकी एक पान किंवा पक्षी निवडायला लावते, त्याची आजची झीज जशीच्या तशी उतरवायला सांगते आणि ती चित्रं तारीख घालून जपून ठेवते. जे आज दिसतंय ते आणखी पन्नास वर्षांनी तसंच दिसेल याची खात्री नाही. चित्राखाली प्रत्येकानं आपलं पूर्ण नाव लिहायचं, हा माझा नियम आहे. आधीच्या मुलांची नावं राहिली नाहीत; यांची राहिली पाहिजेत.