जातो म्हणू नये

निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हा आपल्याकडचा शिरस्ता. तोच मला एका परदेशी संगणकीय संपादकात आढळला, याचे मला मोठे नवल वाटते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली बाहेर आणलेला ग्नू इमॅक्स हा खरे तर मजकूर लिहिण्याचा संपादक. पण टपाल वाचण्याची सोयही त्याच्या पोटातच आहे. तिचे नाव आरमेल. तिथून रीतसर बाहेर पडावे लागतच नाही. दुसऱ्या कामाकडे वळलात की झालात बाहेर! 'बी' दाबले की टपाल नुसते मागे सरकते. काही पुसले जात नाही, की जतनही होत नाही. पत्र टाकायचे तर 'डी' दाबावे. तेही लगेच जात नाही. त्यावर फक्त खूण होते, आणि 'यू' दाबताच ती निघते. 'एस' दाबले, की मात्र खुणेची पत्रे कायमची जातात आणि उरलेली फाइलीत जतन होतात. 'क्यू' हेच सारे करून आपल्याला बाहेरही पोचवते. यंत्र तत्पूर्वी सहसा एकदा विचारते, एवढाच दिलासा.

नारायण पेठेतल्या आमच्या घरात अशी मधली अवस्था नव्हती. वाचलेले पत्र भिंतीवरच्या तारेत टोचले जाई. निधनाचे कार्ड मात्र वाचताच फाडून टाकीत. तार किंवा तुकडे!

गेल्या वर्षी मामा गेल्याची बातमी मामेबहिणीने अमेरिकेतून ई-मेलने कळवली. जुन्या रीतीला स्मरून मी 'डी' दाबले आणि कॉलेजात तासाला गेलो. दिवसभर ते पत्र अंगावर खूण घेऊन तसेच बसून होते. रात्री 'क्यू'कडे बोट नेले, तेव्हा वाटले, पुन्हा एकदा वाचावे. शेवटच्या आठवड्यात मामांनी दोनदा विचारले होते, "पुण्याहून दिवाळी अंक आले का गं?"

दुःख घरात साठू नये, म्हणूनच वडीलधारी माणसे ते कार्ड फाडीत असतील. त्यांचे चुकले, असे मी म्हणणार नाही. पण कार्डावर तिथी आणि वेळ यांपलीकडे फारसे काही नसे. या पत्रात मृत्यू एका ओळीचा होता. बाकी सारे मामाच होते.

मी 'यू' दाबले. मग 'एस'. फाइल जतन झाल्याची बारीक ओळ पडद्याच्या तळाशी उमटली.