न्हाणीघराची मोरी

ग्वाल्हेरला पाहुणे आले की त्यांना फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर नेणे हे आमच्या घराण्याचे जुनेच व्रत. समाधीनंतर स्वर्णरेखा दाखवावी लागते. जून १८५८ मध्ये राणींचा घोडा ज्या नाल्यापाशी अडला असे सांगतात, तो हाच. काँक्रीटने बांधलेल्या पात्रातले काळे पाणी पाहून पाहुणे हळहळतात. मी गप्प राहतो. आमच्या मोरीचे पाणीही अखेर तिकडेच जाते.

गेली काही वर्षे मात्र ते सगळेच तिकडे पोहोचत नव्हते. वाड्याचा वरचा मजला आमच्या वाटणीस आहे, खालचा काकूंच्या. त्यांच्या देवघराच्या छताला आधी पोपडे आले, मग ओल, मग थेंब.

मी मोरीत बोळा घालून न्हाणीत दोन बोटे पाणी साठवले व भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. सकाळपर्यंत पाणी रेघेखाली उतरले नाही. म्हणजे फरशी निर्दोष. मग बोळा काढून निळीचे पाणी सोडले. तासाभरात काकूंच्या छतावर निळसर डाग उमटला. मोरीचे तोंड आणि बिडाचा नळ यांचा सांधा सुटला होता. गंजाने बीड फुगते आणि भोवतालचा चुना उकलतो.

प्रथम पांढरे सिमेंट भरले. ओल्या जागी ते धरेना. जे धरले ते आकसून महिन्यात तडकले. दुसऱ्या खेपेस गंज खरवडला, दोन दिवस मोरी कोरडी ठेवली आणि एम-सीलचे दोन रंग कणकेसारखे एकजीव मळून सांध्यात दाबले. (त्या दोन दिवसांत आम्ही आंघोळीस कोठे गेलो? काकूंकडेच!) हे लिंपण दोन पावसाळे टिकले. त्याखाली गंज मात्र वाढतच होता. तिसरे लिंपण वर्षभरही पुरले नाही.

खरा उपाय मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. फरशी उखडायची, खालून छत फोडायचे आणि बिडाचा नळ काढून प्लास्टिकचा घालायचा. त्यासाठी तिन्ही हिस्सेदारांची संमती हवी. आणि पुण्यास धाकट्या बंधूंना फोन केला की वाडा विकण्याचा विषय निघणार. तो निघू नये म्हणून मी इतकी वर्षे एम-सील मळत होतो.

गेल्या महिन्यात खाली गेलो, तर देव्हारा रिकामा. देव स्वयंपाकघरातल्या फळीवर, पोह्यांच्या डब्याशेजारी.

"काकू, हे काय?"

"अरे, तू फोन करायला भितोस, ते मला कळतं. पण देवांनी किती दिवस भिजायचं?"

त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्याच संध्याकाळी फोन लावला.

"दादा, मोरीचं काय ते करून घे. पैसे पाठवतो," बंधू म्हणाले. थोडे थांबून पुढे, "बाकीचं दिवाळीला आल्यावर बोलू."

मिस्त्री सोमवारी येणार आहे. तोवर सांध्यात एम-सीलची चौथी गोळी आहे, आणि खाली रिकाम्या देव्हाऱ्यात काकूंनी परात ठेवली आहे.