न कमावलेली कृपा : पंडिता रमाबाईंचा अनुभव

ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्षमा लायकी नसताना मिळते, आणि आधी मिळते. वागणूक सुधारणे ही त्यानंतरची गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्र घरी परतताना वाक्ये घोकत येतो : मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मजूर म्हणून ठेवा. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो. मजुरीचे वाक्य तोंडातून निघायच्या आत उत्तम झगा, अंगठी आणि वहाणा आणायचा हुकूम सुटतो. थोरला भाऊ यावर चिडतो. त्याचा राग अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही.

पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) हे पचायला जड जावे, असेच त्यांचे बालपण गेले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत, पुराणे सांगत. स्नाने, उपास, दानधर्म करून पुण्य जोडायचे, हा घरचा क्रम. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे इंग्लंडमध्ये, लंडनमधल्या फुलम येथे, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनीसंघातल्या भगिनी ‘पतित’ ठरलेल्या स्त्रियांना सांभाळताना त्यांनी पाहिल्या. तिथे त्या बायकांना कोणी हिडीसफिडीस करीत नव्हते. असे का, म्हणून विचारल्यावर एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली, येशूने न झिडकारलेल्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतरही सुमारे आठ वर्षे मन स्वस्थ नव्हते, असे त्यांनी १९०७ च्या ‘अ टेस्टिमनी’ या छोट्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, अशी त्यांची स्वतःविषयीची तक्रार होती. अशात विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचे आत्मकथन हाती आले. हा गृहस्थ दीक्षित धर्मोपदेशक असूनही व्यासपीठावर उभा राहून स्वतःचेच प्रवचन देताना पालटला होता! रमाबाईंच्या लक्षात आले की तारण ही कमाई नव्हे, आयते मिळालेले दान आहे. थोडक्यात, तीर्थयात्रांची शिदोरी टाकून त्यांनी बाप्तिस्म्याची नवी शिदोरी बांधली होती, आणि तीही सोडायची होती.

क्षमा फुकट असेल तर पाप करायला रान मोकळे, हा आक्षेप जुनाच. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो विचारात घेतला आहे. रमाबाईंनी त्यावर वाद फारसा घातला नाही; उत्तर कामातून दिले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलीबाळींना केडगावात, रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, आसरा मिळाला, आणि समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्यांसाठी तिथेच कृपा सदन उभे राहिले. या स्त्रियांचे घर वेगळे ठेवावे लागले, यात त्या काळाची मर्यादाही दिसते. मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम, छपाई अशी कामे चालत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापले गेले. खिळे जुळवणाऱ्या हातांत आश्रमातल्या बायकांचे हात होते.