तंजावरी वळण

नाच शिकवणाऱ्या नट्टुवनारांच्या हातात खडू नसतो, समोर पुस्तक नसतं. पुढ्यात लाकडाचा ठोकळा आणि मुठीत आखूड दांडकं. दांडकं आपटलं की मुलीचा पाय आपटायचा, एवढाच काय तो करार. पण तंजावरच्या मुलुखात असा वर्ग जरा वेळ नुसता ऐकत बसावं. डोळे मिटून बसलं तरी चालतं. एका गुरूचं दांडकं कोरडं पडतं, घड्याळासारखं. मुलीचा गुडघा वाकायला किंचित उशीर झाला तरी ते तिच्यासाठी थांबत नाही. दुसऱ्याचं दांडकं मध्येच मऊ होतं, एखाद्या मात्रेवर रेंगाळतं, आणि मग ते बाजूला ठेवून गुरुजी स्वतःच भुवई उचलून दाखवतात. अडवू, म्हणजे पायाहातांची मूळ हालचाल, तोच; बोल तेच, तालही तोच. तरी दोन वर्गांतल्या मुली वर्षभरानं एकाच मंचावर उभ्या केल्या, तर कोण कुणाची हे जाणत्याला पहिल्या चार पावलांत कळतं.

याला तिकडे बाणी म्हणतात. भरतनाट्यमच्या बाण्यांना गावांची नावं आहेत: पंदनल्लूर, वळुवूर. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळात नाचाच्या कार्यक्रमाचा, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा, क्रम बांधून दिला. म्हणजे अभ्यासक्रम एकच. त्याच घराण्यातल्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळैंनी पंदनल्लूरची रेघ सरळ, ताणलेली, भूमितीसारखी ठेवली. वळुवूरच्या रामय्या पिळ्ळैंच्या हाती गेल्यावर नाचात लाडिकपणा आला, झोके आले. जाणकार यात तंत्राचे भेद काढतात, ते असतीलही. मला मात्र ती गावांची नावं म्हणजे माणसांच्या स्वभावांवर घातलेलं सभ्य पांघरूण वाटतं.

स्वभाव जसाच्या तसा उतरतो, असंही नाही. बालासरस्वतींचे गुरू कंदप्पा पिळ्ळै याच चौघा भावांच्या वंशातले आणि कडकपणाबद्दल प्रसिद्ध. चौथ्या वर्षापासून ती पोर त्यांच्या हाताखाली घासली गेली. आणि पुढे तिची ख्याती कशाबद्दल? एकाच ओळीवर तासन् तास, दरवेळी नवा, उत्स्फूर्त अभिनय करण्याबद्दल. करड्या गुरूच्या हाताखालून इतकं मोकळं काही निघतं, तेव्हा शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांची जरा पंचाईत होते.

आमच्याकडे शिक्षक व्हायचं तर पाठटाचण काढावं लागतं. उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं, फलकलेखन, स्वाध्याय. सगळ्याला रकाना आहे, मास्तरांच्या स्वभावाला तेवढा नाही. शाळेत आम्हाला भूगोल शिकवणारे एक सर होते. मितभाषी. नकाशा ते बोटानं दाखवत नसत. छडीच्या टोकानं नदी उगमापासून मुखापर्यंत सावकाश फिरवत नेत, आणि छडी समुद्राला लागेपर्यंत वर्गात कुणी हलायचं नाही. कृष्णा खोऱ्यातली पिकं मी कधीच विसरलो. पण कुठलीही नदी पाहिली की तिच्या मुखापर्यंत जाऊन यावंसं वाटतं, ते त्या छडीमुळे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी किती वर्षं होते? उणीपुरी सहा. छात्रालयातल्या मुलांचे कपडे धुणारे आणि त्यांच्यासाठी रोज हातानं दैनिक लिहून काढणारे गुरुजी ज्यांना लाभले, त्यांना त्यांच्या तासातलं व्याकरण किती आठवत असेल, देव जाणे.

पण तंजावरला गेल्यावर मला नेहमी आठवतो तो जरा अडचणीचा मास्तर. अडचणीचा अशासाठी, की तो जर्मन पाद्री होता आणि त्याचा विद्यार्थी भोसल्यांच्या कुळातला.

ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ. जन्म 1726चा, ब्रांडेनबुर्गमधला. हाले इथल्या पिएटिस्ट वातावरणात वाढलेला, म्हणजे चैनीला पाप मानणारा. 1750 साली तरंगंबाडीला उतरला आणि परत म्हणून गेला नाही. लग्न केलं नाही. तिरुचिरापल्लीत असताना जेमतेम खाट मावेल एवढ्या खोलीत राहायचा, भात-भाजीवर भागवायचा. तमिळ येत होतं, मराठी आणि फार्सीही शिकला. 1779 साली इंग्रजांनी त्याला हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला धाडलं, कारण हैदरचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. हैदरनं वाटखर्चाला पैसे दिले, ते यानं तंजावरातल्या अनाथ मुलांच्या शाळेला लावले. पुढे युद्धाच्या धामधुमीत तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. बाहेर धान्य होतं, पण आधीचे पैसे बुडालेले शेतकरी दरबाराच्या शब्दावर बैल जुंपेनात. श्वार्ट्झनं शब्द दिला तेव्हा धान्य आत आलं. त्यानं पैसे चुकतेही केले, हे वेगळं सांगायला नको.

अशा माणसाच्या ओटीत तंजावरच्या तुळजाजीराजांनी 1787 साली मरताना आपला दहा वर्षांचा दत्तक मुलगा, सरफोजी, टाकला. गादी बळकावली तुळजाजींच्या सावत्र भावानं, अमरसिंहानं. मुलगा कोंडल्यासारखा, अक्षरओळखीवाचून वाढू लागला. श्वार्ट्झ त्याच्यासाठी भांडला, अर्ज-विनंत्या केल्या, शेवटी 1793 साली मुलाला मद्रासला हलवण्यात आलं, आणि तिथे गेरिके या दुसऱ्या पाद्र्याच्या देखरेखीखाली त्याचं शिक्षण झालं. 1798च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसला. आणि दुसऱ्याच वर्षी कंपनीनं तह करून राज्यकारभार काढून घेतला, राजाकडे किल्ला आणि तनखा उरला. मास्तर सच्चा होता हे खरं. त्याच्या सच्चेपणाचं व्याज कुणाच्या पेढीवर जमा झालं, हेही खरं. या दोन्ही गोष्टी मला एकत्र धरता येतात, एक सोडावी असं वाटत नाही.

शिवगंगा बागेशेजारच्या चर्चमध्ये सरफोजीनं लंडनच्या फ्लॅक्समनकडून घडवून आणलेला संगमरवरी पट आहे. श्वार्ट्झ मरणशय्येवर आहे. राजानं त्याचा हात हातात धरलाय. मागे गेरिके उभा, आणि पलंगाशी शाळेतली पोरं. शिल्पकारानं तंजावर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे कपड्यांच्या चुण्या जरा ग्रीक वळणाच्या झाल्यात. मला त्यात महत्त्वाची वाटतात ती पोरं. राजानं वर्गाला स्मारकाबाहेर ठेवलं नाही. श्वार्ट्झच्या थडग्यावरचा इंग्रजी कवितेतला मृत्युलेखही त्यानं स्वतः रचला.

आता गंमत पाहा. ज्यासाठी श्वार्ट्झ समुद्र ओलांडून आला, ती गोष्ट या शिष्यानं घेतलीच नाही. सरफोजी ख्रिस्ती झाला नाही. 1803 साली त्यानं बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरवून घेतला. मग घेतलं काय? विचारपूस करण्याची खोड. लिहून ठेवण्याची सवय. सरस्वती महाल ग्रंथालयात आजही त्याच्या काळातली नेत्ररुग्णांची टिपणं आहेत, दुखऱ्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट. त्यानं देवनागरी खिळे पाडून घेतले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ‘बाळबोध मुक्तावली’ या नावानं इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. मुंबई-पुण्याकडे तेव्हा छापील मराठी पुस्तक ही नवलाईच होती. ओरत्तनाडच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंच्या जेवणाबरोबर मुलांच्या शाळेचीही सोय केली. अन्नछत्राला जोडून शाळा ही कल्पना हालेच्या पाद्र्याची आणि तंजावरच्या राजाची, दोघांची मिळून वाटते.

पण सरफोजी स्वतः शिकवायला बसला तेव्हा त्याच्यातला पाद्री मागे राहिला आणि तंजावरकर पुढे आला. बाक, फळा, घोकंपट्टी यांच्या वाटेला न जाता त्यानं ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नृत्यनाट्य रचलं. कुरवंजीत एक डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, कुरत्ती. हात पाहते आणि आपण कुठले कुठले डोंगर, कुठली गावं हिंडलो ते सांगते. तमिळ मुलखातला हा जुना, लोकांच्या आवडीचा खेळ. सरफोजीनं त्या कुरत्तीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. युरोपीय नकाशांतला नवा भूगोल, नव्या खंडांसकट, चाल लावून, पायांत घुंगरू बांधून. ज्याचं राज्य किल्ल्याच्या भिंतीपाशी संपत होतं, त्या राजाला भटक्या बाईकरवी सगळी पृथ्वी सांगावीशी वाटली. आणि राजाला नाचगाण्याचं वेड होतं, म्हणून पृथ्वी तालात आली. चौघे नट्टुवनार भाऊ त्याच दरबारातले.

श्वार्ट्झनं हे पाहिलं असतं तर? नाचणाऱ्या बायका, मृदंग, देवेंद्राचा दरबार, सगळंच त्या पिएटिस्ट म्हाताऱ्याच्या पोटात गोळा आणणारं. तो बहुधा मान खाली घालून बसला असता. पण कुरत्ती देशांची नावं घ्यायला लागल्यावर ती बरोबर क्रमानं येतात की नाही, हे त्यानं मान खाली घालूनही नक्की तपासलं असतं.